पान सत्तावीसवरचा अभ्यासक्रम

काही लोकांना भुतं दिसतात. मला चुका दिसतात!

बढाई मारत नाही. दुकानाची पाटी असो, औषधाची बाटली असो की विजेच्या बिलामागची मुंगीएवढी अक्षरं असोत, कुठे एक वेलांटी चुकली की ती मला बुटातल्या खड्यासारखी टोचते. लग्नाआधी नवऱ्याने मला एक पत्र लिहिलं होतं. मी त्यात लाल पेनने अकरा दुरुस्त्या केल्या आणि परत पाठवून दिलं. त्याने पुढे लग्न केलं, पण पत्र काही लिहिलं नाही.

तर मी आमच्या शासकीय उपयोजित तंत्रज्ञान महाविद्यालयात मुख्य लिपिक आहे. नाव ऐकून दडपण येतं, पण काम साधं आहे. इथे माणसांच्या हातांना काम शिकवतात. वेल्डिंग, वीजतंत्री, शीतयंत्रांची दुरुस्ती, सौरपट्ट्या बसवणं, रुग्णालयातल्या यंत्रांची देखभाल, असे एकूण नऊ अभ्यासक्रम. यंदा महाविद्यालयाला साठ वर्षं झाली, म्हणून प्राचार्यांनी मला बोलावलं.

"बाई, माहितीपुस्तिका काढायची आहे. पहिल्या भागात इतिहास, दुसऱ्या भागात अभ्यासक्रम. एकही चूक नको!"

"सर, एक चूक सापडली तर माझं नाव बदला!"

"नाव बदलायला राजपत्रात जाहिरात द्यावी लागते," प्राचार्य म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. आमचे प्राचार्य जिनासुद्धा असा उतरतात की वाटावं, प्रत्येक पायरीची वरून मंजुरी घेतली आहे.

मी कामाला लागले. आमचा इतिहास म्हणजे तळघरातली चार कपाटं आणि त्यांतली वाळवी. वाळवीने जे सोडलं ते मी वाचलं. एका बंद पडलेल्या साबणाच्या गोदामात हे महाविद्यालय सुरू झालं. एक लेथ, दोन भट्ट्या आणि चौतीस विद्यार्थी. बसायला बाकं नव्हती, म्हणून सुतारकामाच्या वर्गाला पहिला धडा बाकांचाच दिला आणि ती होईपर्यंत बाकीचे वर्ग उभ्यानेच शिकले. वेल्डिंगच्या पहिल्या तुकडीने केलेलं लोखंडी फाटक आजही पुढे उभं आहे. ते साठ वर्षांत एकदाही नीट लागलेलं नाही, हे मी लिहिलं नाही. इतिहासकाराने कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे!

सुरुवातीच्या चार अभ्यासक्रमांचे मी छान चौकटीत तक्ते केले आणि सगळं छापखान्यात पाठवलं. दोन दिवसांनी एका जुन्या रजिस्टरात पाचवा सापडला. मी लगेच तशाच चौकटीत त्याचा तक्ता एका सुट्या कागदावर केला, वर लिहिलं, ‘हे योग्य जागी घालावे,’ आणि शिपाईमामांच्या हाती छापखान्यात धाडला.

शेवटचं प्रूफ आलं तेव्हा सगळं तीन-तीनदा वाचून झालेलं होतं. मी पानांचे आकडे पाहिले, मुखपृष्ठावरचं प्राचार्यांचं नाव पाहिलं आणि ऐटीत सही ठोकली. पंधराशे प्रती छापल्या. शाळांत गेल्या, ग्रंथालयांत गेल्या, रोजगार कार्यालयांत गेल्या. एक प्रत संचालनालयात गेली.

तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी एक गृहस्थ आले. साठीच्या पुढचे. खांद्याला पिशवी, आणि ती पिशवी धरण्याची पद्धतच अशी की जन्मभर पोस्टमन होते हे सांगावं लागू नये.

"घड्याळांच्या कोर्सला नाव घालायचंय."

"घड्याळांचा कोर्स नाही आमच्याकडे, काका."

"आहे की! पान सत्तावीस."

मी हसले. आपलीच पुस्तिका, आपणच तपासलेली! मोठ्या दिलदारपणे मी पान सत्तावीस उघडलं.

आणि लगेच मिटून मुखपृष्ठ पाहिलं. पुस्तिका आमचीच होती.

वेल्डिंग आणि सौरपट्ट्या यांच्या मधोमध, झकास चौकटीत, छापलेलं होतं: ‘घड्याळे व सूक्ष्म उपकरणे दुरुस्ती. कालावधी: एक वर्ष. जागा: वीस. पात्रता: लिहिता-वाचता येणे. वयोमर्यादा: नाही. शुल्क: नाही. उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकास हत्यारांची पेटी मोफत.’

साठ वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम! सव्वीस वर्षांपूर्वी बंद पडलेला! त्याच्या वर्गात आता जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते!

पोस्टमनकाकांना मी कसाबसा एक फॉर्म दिला आणि छापखान्यात फोन लावला.

"अहो, तो सुटा कागद तुम्ही कुठे घातलात?"

"योग्य जागी," छापखानेवाला म्हणाला.

"ती इतिहासातली गोष्ट होती!"

"बाई, त्यावर ‘अभ्यासक्रम’ लिहिलं होतं. मी अभ्यासक्रमांत घातला. आणि त्यावर तुमची सही आहे. कशी आहे सांगू? खाली दोन ठिपके दिलेत, फार सुंदर!"

मी फोन ठेवला. दोनच महिन्यांत अधीक्षकाच्या जागेसाठी माझं नाव जाणार होतं. त्याआधी सेवापुस्तिकेत लाल शाईचा शेरा पडला असता तर संपलंच! मी पोस्टमनकाकांचा फॉर्म टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि मनाशी म्हटलं, एकच तर माणूस आहे. त्याला समजावू. शांतपणे समजावू.

आठवडाभरात खणात अकरा फॉर्म झाले. पुढच्या आठवड्यात तो खण लागेना!

कोण कोण येत होतं! एक निवृत्त परिचारिका, एक चष्मेवाला, नोकरी सुटलेला एक लिफ्टमन, घरी बाळ सांभाळणारी एक पदवीधर मुलगी. वयोमर्यादा नाही आणि पेटी फुकट! मी जेवणाच्या सुट्टीत गेले की शेजारचा लिपिक भक्तिभावाने फॉर्म घेऊन माझ्या टेबलावर ठेवायचा. "बाई, तुमच्या कोर्सला काय गर्दी हो!" तो म्हणायचा. ‘तुमच्या कोर्सला’ हे शब्द ऐकले की मी डबा तसाच मिटायची. चहा कडू लागायला लागला. फाटक वाजलं की मी खण गुडघ्याने दाबून धरायची, आणि आमचं फाटक दिवसभर वाजतं!

अशात एका सकाळी प्राचार्यांनी व्हरांड्यात गाठलं.

"बाई, त्या घड्याळाचं काय करायचं?"

संपलं, मी म्हटलं. कळलं यांना. आता खोटं बोलून उपयोग नाही.

"सर, मी निस्तरते. मला फक्त थोडा वेळ द्या. सध्या आकडा त्रेचाळीसवर गेलाय."

"त्रेचाळीस!" प्राचार्यांनी भिंतीचा आधार घेतला. "एका इमारतीत? मला तर व्हरांड्यातलं हे एकच बंद दिसलं!"

मी मान वर केली. भिंतीवरचं घड्याळ पावणेचारवर थांबलेलं होतं. सकाळी साडेदहाला!

"सेल बदलते, सर," मी म्हटलं आणि पळाले.

त्या दिवशी मी ठरवलं की बस्स. शुद्धिपत्रक काढायचं. ‘पान सत्तावीसवरील मजकूर रद्द समजावा,’ एवढं एकच वाक्य. प्राचार्यांची सही घ्यायची, होईल ती शिक्षा भोगायची आणि अर्जदारांना टपालाने कळवायचं. मी दार लावून घेतलं आणि पत्ते उतरवायला फॉर्म बाहेर काढले. छत्तीसपर्यंत सुरळीत चाललं. सदतिसावा उघडला आणि फोटोतून माझ्या सासूबाई माझ्याकडे बघत होत्या!

मी फॉर्म उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला. त्याच होत्या. केस चापून बसवलेले, चेहऱ्यावर पकडल्या गेलेल्या माणसाचा भाव.

आता मला एकेक आठवायला लागलं. "अगं, पासपोर्टचा फोटो किती दिवस चालतो?" असं त्यांनी विचारलं होतं. "तुमच्या खिडकीवर दुपारी कोण असतं?" असंही विचारलं होतं. मला वाटलं, सहज विचारतायत!

आमच्या आई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. चाळीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं. गुडघे दुखायला लागल्यापासून आम्ही त्यांना घरात काही करू देत नाही. भाजीची पिशवी उचलली की नवरा म्हणतो, "आई, तू बस." केर काढायला घेतला की मी म्हणते, "आई, तुम्ही बसा." आम्हाला वाटत होतं, आपण किती प्रेमळ आहोत!

फॉर्ममध्ये एक रकाना होता: ‘हा अभ्यासक्रम का निवडला?’ आईंनी शिवणकामाच्या टाक्यासारख्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘घरातली माणसं म्हणतात, तुम्ही नुसत्या बसा. हे काम बसूनच करायचं असतं.’

त्यात एकही चूक नव्हती. मी तीनदा वाचलं.

शुद्धिपत्रक तसंच टंकयंत्रासारखं डोक्यात खडखडत राहिलं, पण कागदावर काही उतरेना. घरी जेवताना आईंनी विचारलं, "काय गं, तुमच्याकडे यंदा प्रवेश कधी लागतात?"

"का?" मी घाबरून म्हटलं.

"काही नाही. शेजारणीचा नातू विचारत होता."

शेजारणीला नातू नाही! दोघीही ताटात बघत जेवलो. नवरा म्हणाला, "आज सगळे गप्प का?" त्याला आम्ही दोघींनी एकदमच वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आता आईंचा विचार न करता थेट प्राचार्यांना सांगायचं. दारावर टकटक करणार तोच ते स्वतः बाहेर आले. हातात संचालनालयाचं पत्र.

"बाई, आत या. दार लावा." त्यांनी आवाज खाली आणला. "आपण सुरू करत असलेल्या अभिनव अभ्यासक्रमाची पाहणी करायला सोमवारी साहेब येतायत. घड्याळांच्या! हा आपल्याकडे आहे?"

"सर, तेच सांगायला..."

"थांबा! मी पुस्तिका पाहिली. पान सत्तावीसवर आहे. म्हणजे वरून आलेला दिसतोय. माझ्यापर्यंत कागद पोहोचला नसेल."

"नाही सर, तो वरून नाही, तो..."

"बाई!" प्राचार्यांनी हात जोडले. "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. वरून आलेल्या गोष्टीला ‘कुठून आली’ असं विचारायचं नसतं. सोमवारपर्यंत वर्ग तयार पाहिजे. एक शिक्षक, काही विद्यार्थी, हत्यारं. तुम्ही बघा!"

"शिक्षक कुठून आणू, सर?"

त्याचं उत्तर त्याच दुपारी काठी आपटत माझ्या खिडकीशी आलं. एक्क्याऐंशी वर्षांचे, उंच, ताठ आणि भयंकर चिडलेले. एका हातात आमची पुस्तिका गुंडाळून धरलेली, माशी मारायला धरतात तशी.

"माझा अभ्यासक्रम सुरू केलात आणि मला कळवलं नाही?"

"तुमचा?"

"तीस वर्षं मी शिकवला! सव्वीस वर्षांपूर्वी मला म्हणाले, आता लोक घड्याळं दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात. वर्गाला कुलूप लावलं. मी किल्ली परत केली नाही." त्यांनी खिशातून किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "कोणी मागितलीच नाही!"

खरं सांगायचं तर तेव्हा मी त्यांना सगळं सांगायला हवं होतं. पण त्यांनी दुसऱ्या खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, स्वच्छ पुसलं आणि विचारलं, "सोमवारी किती वाजता?" मी म्हटलं, "अकरा." माझ्या तोंडून अकराच आलं, दुसरं काही येईना!

शनिवार-रविवार आम्ही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसले. शिपाईमामा, मी आणि ते घड्याळवाले सर. गठ्ठ्यांखाली बाकं निघाली, बाकांच्या खणांत चिमटे निघाले, सुयांएवढे पेचकस निघाले, सगळे तेलकट कागदात गुंडाळलेले. सर प्रत्येक पुडी उघडून नाव सांगत होते, एखाद्याने जुन्या शेजाऱ्यांची नावं सांगावीत तसे. मी मान हलवत होते आणि मनात शुद्धिपत्रकाचं वाक्य म्हणत होते. चिमटा उचलताना सरांचा हात थोडा थरथरतो, हे मला दिसलं. मी तेही कोणाला सांगितलं नाही. न सांगण्याची आता मला सवयच झाली होती!

वर्ग भरलेला दिसायला हवा म्हणून प्राचार्यांनी जवळ राहणारे सहा अर्जदार बोलवायला सांगितले आणि स्वतःच खुणा केल्या. सदतिसाव्या फॉर्मवर त्यांचं बोट थांबलं. "ह्या बाई तर तुमच्याच गल्लीतल्या दिसतायत!"

"हो सर," मी म्हटलं. "तोंडओळख आहे."

सोमवारी सकाळी आई म्हणाल्या, "मी आज मैत्रिणीकडे जाणार आहे."

"जा की," मी म्हटलं. "मला आज कामावर थोडी गडबड आहे."

अकराला पाच कमी असताना आम्ही घड्याळाच्या वर्गात समोरासमोर आलो.

"तू इथे?" आई दचकल्या.

"मी इथे नोकरी करते, आई!"

"हो की. गडबडीत डोक्यातूनच गेलं बघ." त्या पहिल्या बाकावर बसल्या आणि पदर सारखा करून खालच्या आवाजात म्हणाल्या, "घरी सांगू नकोस."

साहेब आले. वयाने बेताचे, गोल चेहऱ्याचे, हातात वही. त्यांनी वर्ग पाहिला, चिमटे पाहिले, पोस्टमनकाकांना दोन प्रश्न विचारले. मग मनगटावरचं घड्याळ काढून सरांपुढे ठेवलं.

"हे महिनाभर मागे पडतंय. वडिलांचं आहे. बघू, काय करता."

सरांनी भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं. वर्गात श्वास ऐकू येत होते, त्यांत माझा सर्वांत मोठा! सर सांगत होते, "हा चक्रांवरचा पूल. हा या तीन स्क्रूंवर बसतो. हा पहिला..." आणि त्यांचा हात थरथरला. चिमट्यातून टिच्च असा आवाज झाला आणि स्क्रू उडाला!

केवढा स्क्रू? मोहरीच्या दाण्याचे चार भाग करा. त्यातला एक!

"हलू नका!" सर ओरडले.

सगळे होते तिथे गोठले. प्राचार्यांचा एक पाय वर होता, तो वरच राहिला. मग हळूहळू एकेक जण खाली बसला. परिचारिकाबाई बाकाखाली, पोस्टमनकाका टेबलाखाली, साहेब कपाटाशी, मी दाराशी. शासनाचा एक वरिष्ठ अधिकारी पालथा पडून फरशीवर गाल टेकवतोय आणि मी त्याच्या बुटाकडे बघत मनात राजीनाम्याचा मसुदा लिहितेय! पहिलं वाक्य झालंसुद्धा होतं.

"थांबा सगळे." हा आवाज आईंचा होता. त्या उठल्या नव्हत्या, बसूनच होत्या. "चाळीस वर्षं हातातून पडलेल्या सुया शोधल्यात मी. असं धावून सापडत नाही. प्राचार्यसाहेब, तुम्ही इकडे या. पाय आपटू नका. हळू."

प्राचार्य एका पायावर लंगडी घालत आले. आईंनी त्यांच्या पँटची खालची दुमड दोन बोटांनी अलगद उलगडली, चिमटा आत घातला आणि वर काढला. टोकाला काहीतरी चमकलं.

सरांनी भिंगातून पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. मग भिंग काढून आईंपुढे धरलं.

"तुम्ही बसवा. मी सांगतो."

आईंनी भिंग लावलं. सर एकेक शब्द सांगत होते आणि आईंचे हात, जे आम्ही भाजीच्या पिशवीलाही लावू देत नव्हतो, ते एकदासुद्धा हलले नाहीत. स्क्रू बसला, वेगाचा काटा सरांच्या सांगण्यावरून केसभर पुढे सरकला, झाकण बसलं. साहेबांनी घड्याळ कानाशी नेलं आणि लहान मुलासारखे हसले.

"वा! प्राचार्य, फारच छान. कल्पना कोणाची ही?"

"आम्ही काय, साहेब," प्राचार्य छताकडे बघत म्हणाले. "वरूनच आलेली."

"वरून?" साहेबांचं हसू थांबलं. "वरून कुठून? आम्हाला तर वाटलं, तुम्ही मंजुरी घेतलीय."

"माझ्याकडे तर कागदच नाही..." प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. चौदा महिने राहिलेला माणूस माझ्यासमोर बुडत होता, आणि तो माझ्या सहीत बुडत होता.

"साहेब, ती चूक आहे," मी म्हटलं. "माझी. हा अभ्यासक्रम इतिहासात जायचा होता. मी सुटा कागद पाठवला, तो भलतीकडे छापला गेला आणि मी न वाचता सही केली. मला तीन आठवडे माहीत आहे. प्राचार्यांना काही माहीत नव्हतं."

सर आपलं भिंग पुसायला लागले, ते पुसतच राहिले. आईंनी हातातला चिमटा अगदी हळू बाकावर ठेवला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. साहेबांनी काहीही केलं असतं तरी चाललं असतं, पण त्या चिमट्याचा आवाज मला सोसला नाही.

साहेब खुर्चीत बसले. रुमालाने गालावरची फरशीची धूळ पुसली.

"बाई," ते म्हणाले, "तुमची पुस्तिका वाचून मी एक टिपण केलं. सहसंचालकांनी त्यावर ‘अभिनव’ लिहिलं. सचिवांनी ‘अभिनव’खाली दोन रेघा मारल्या. आता मी परत जाऊन काय सांगू? त्या रेघा छापखानेवाल्याच्या आहेत म्हणून?"

"मग काय करायचं, साहेब?" प्राचार्यांना आवाज फुटला.

"आता ही चूक एकट्या बाईंच्या आवाक्यात राहिलेली नाही!" त्यांनी वही उघडली. "एक वर्ष प्रायोगिक. वीस जागा. शिक्षक हेच. फुकट पेटी मात्र जमणार नाही. पेटी विद्यार्थ्यांनी सुतारकाम विभागात स्वतः करावी. आणि बाई, तुम्ही मला लेखी खुलासा द्या."

"काय लिहू, साहेब?"

"चूक सोडून काहीही लिहा!"

ते घड्याळ बांधून गेले. त्यांच्यामागे जाता जाता प्राचार्य माझ्या कानाशी पुटपुटले, "स्क्रू कुठे सापडला तेही लिहू नका."

त्या दिवशी आई आणि मी बरोबरच घरी निघालो. लोखंडी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, याच्यापेक्षा सेवापुस्तिकेतला शेरा बरा होता.

"तीन आठवडे तुला माहीत होतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"मग रद्द का नाही केलंस? केलं असतंस तर आज एवढा जीव टांगणीला लागला नसता तुझा."

"करणार होते. पत्ते उतरवून घेत होते. सदतिसावा फॉर्म तुमचा निघाला."

आई चालायच्या थांबल्या. "वाचलास?"

"वाचला."

त्यांनी समोरच्या दुकानाच्या पाटीकडे नजर वळवली आणि म्हणाल्या, "फोटो बरा आलाय ना गं?"

"छान आलाय," मी म्हटलं. त्यांनी भाजीच्या दुकानातून पिशवी भरून घेतली आणि घरापर्यंत स्वतः उचलून आणली. मी हात पुढे केला नाही. करायची हिंमतच नव्हती.

आता अभ्यासक्रम सुरू होऊन चार महिने झाले. अधीक्षकाची जागा दुसऱ्याला गेली. मला ‘अभिनव अभ्यासक्रम समन्वयक’ असं पद मिळालं आहे. त्यात पगार नाही, खुर्ची नाही, पण पाटी आहे. आई रोज सव्वाअकराच्या तासाला येतात आणि घरी आल्यावर गृहपाठ करतात. गृहपाठाला घड्याळं लागतात. आधी त्यांनी स्वयंपाकघरातलं उघडलं, मग बैठकीतलं, मग नवऱ्याचं मनगटावरचं. गजराचं घड्याळ गेला आठवडाभर एका ताटलीत, अठ्ठावीस तुकड्यांत आहे. ताटलीवर चिठ्ठी आहे, ‘हात लावू नये.’ उघडण्याचा धडा संपला आहे. जोडण्याचा पुढच्या सत्रात आहे.

परवा मी कामावर पोहोचले तर प्राचार्य फाटकाशीच उभे होते. त्यांनी मनगटाकडे पाहिलं.

"बाई, पाऊण तास उशीर?"

"सर, काय करणार," मी धापा टाकत म्हटलं, "आमच्या घरातली सगळी घड्याळं सध्या शिकतायत!"

प्राचार्य हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. रजेच्या रजिस्टरात अर्धा दिवस मात्र लागला.